विलिस हॅविलँड कॅरियर

विलिस हॅविलँड कॅरियर (२६ नोव्हेंबर, १८७६ – ७ ऑक्टोबर, १९५०) हे अमेरिकन यंत्र अभियंता, संशोधक व उद्योजक होते. इमारतीतील हवेचे तापमान, आर्द्रता, शुद्धता व अभिसरण या चारही गोष्टी एकाच यंत्रणेने ताब्यात ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत त्यांनी विकसित केली. त्यामुळे त्यांना आधुनिक वातानुकूलनाचे जनक मानले जाते. सर्वसामान्य समजूत अशी की त्यांनी खोली थंड करण्याचे यंत्र शोधून काढले. वस्तुतः त्यांच्यापुढे आलेला पहिला प्रश्न उकाड्याचा नव्हता, तो दमटपणाचा होता. आणि त्यांनी आखलेल्या पहिल्या यंत्रणेत गारव्यासाठी जशी थंड पाण्याची वेटोळी होती, तशीच हिवाळ्यात हवेला ओलावा देण्यासाठी वाफेची छिद्रित नळीही होती.

बालपण व शिक्षण

कॅरियर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील अँगोला या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. (आफ्रिकेतील त्याच नावाच्या देशाशी या गावाचा संबंध नाही. हे गाव बफेलो शहराजवळ ईरी सरोवराच्या काठी आहे.) वडिलांचे नाव ड्वेन व आईचे एलिझाबेथ. आईचे माहेर क्वेकर पंथीय होते. घरातील घड्याळे, शिवणयंत्रे बिघडली की ती स्वतःच उघडून दुरुस्त करी. विलिस यांना लहानपणी अपूर्णांक समजेनात, तेव्हा तिने तळघरातून सफरचंदे आणावयास सांगून त्यांचे अर्धे, पाव, अष्टमांश असे तुकडे केले आणि त्या तुकड्यांची बेरीज-वजाबाकी करून घेतली. कॅरियर यांनी पुढे आयुष्यभर या प्रसंगाचा उल्लेख केला. अवघड प्रश्नाचे सोपे तुकडे पाडून विचार करण्याची सवय आपल्याला त्या सफरचंदांनी लावली, असे ते सांगत. वर्गात फळा-खडूवर जे उतरत नाही ते सुरी-सफरचंदाने उतरते, हा अनुभव शिक्षकी पेशातील कोणासही नवा नाही. विलिस अकरा वर्षांचे असताना आई वारली.

१८९०च्या दशकातील मंदीत घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. १८९७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. खर्च भागवण्यासाठी हिरवळ कापणे, शेगड्या-भट्ट्या पेटत्या ठेवणे अशी कामे त्यांनी केली आणि एका मित्राच्या साथीने विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन देण्याची सहकारी व्यवस्था चालवली. १९०१मध्ये ते अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले.

बफेलो फोर्ज कंपनी

जुलै १९०१मध्ये कॅरियर बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाले. ही कंपनी लोहारकामाचे भाते, पंखे आणि इमारती तापवण्याची वाफेची उपकरणे तयार करीत असे. लाकूड वाळवण्याची व कॉफी वाळवण्याची यंत्रणा आखण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे काम करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. वाफेच्या वेटोळ्यांवरून हवा सोडली असता ती किती तापेल, याचे विश्वसनीय कोष्टक कोणाजवळच नव्हते. अभियंते अंदाजाने आकडा धरीत आणि चूक होऊ नये म्हणून त्यात भरमसाट वाढ करीत. कॅरियर यांनी वरिष्ठांच्या संमतीने प्रयोग केले, मापे घेतली, कोष्टके बनवली. कंपनीने त्यांना छोटी प्रयोगशाळा काढून दिली. पुढील सर्व कार्याचे बीज या कोष्टकांत आहे.

छापखान्याचा प्रश्न

न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स या नावाचा शिळामुद्रण छापखाना होता. तेथे रंगीत चित्रांची छपाई होई. एकाच कागदावर एकामागून एक रंग छापले जात आणि दोन छपायांच्या मध्ये काही तास किंवा दिवस जात. तेवढ्यात हवा दमट झाली तर कागद ओलावा शोषून प्रसरण पावे, कोरडी झाली तर आकसे. मग दुसरा रंग पहिल्याच्या जागेवर नेमका बसत नसे, आकृतीच्या कडा फाकत. माल वाया जाई, वेळापत्रक कोसळे. १९०२ साली हा प्रश्न वॉल्टर टिमिस या सल्लागार अभियंत्यामार्फत बफेलो फोर्जच्या न्यू यॉर्क कचेरीतील जे. आयर्विन लाईल यांच्याकडे आला आणि लाईल यांनी तो कॅरियर यांच्याकडे सोपवला. लाईल पुढे त्यांचे आजन्म सहकारी झाले.

कॅरियर यांनी हवामान खात्याची आर्द्रतेची कोष्टके समोर ठेवली आणि १७ जुलै, १९०२ रोजी आपल्या यंत्रणेचे आराखडे पूर्ण केले. हिवाळ्यात सुमारे २१° व उन्हाळ्यात सुमारे २७° सेल्सियस तापमान आणि बाराही महिने ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता, असे उद्दिष्ट होते. उन्हाळ्यात हवा थंड वेटोळ्यांवरून नेली म्हणजे तिच्यातील बाष्प दवासारखे वेटोळ्यांवर जमते आणि हवा कोरडी होते. यासाठी आधी खोल विहिरीचे थंड पाणी वापरले गेले व १९०३च्या वसंतात अमोनियाच्या शीतनयंत्राची जोड देण्यात आली. दररोज सुमारे ४९ हजार किलो बर्फ वितळून जेवढा गारवा मिळेल, तेवढी या यंत्रणेची क्षमता होती.

हिवाळ्यातील वाफ

उन्हाळ्याची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. हिवाळ्याची सहसा सांगितली जात नाही. आपल्याकडील वाचकांस हिवाळ्यात हवेला मुद्दाम ओलावा का द्यावा लागतो, हे चटकन उमगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे योग्य होईल.

गोठणबिंदूवरील, म्हणजे ०° सेल्सियसची हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त असली तरी एक किलो हवेत जेमतेम ३.८ ग्रॅम बाष्प असते. हीच हवा इमारतीत ओढून २१° पर्यंत तापवली, तर तिची बाष्प धारण करण्याची शक्ती जवळजवळ १५.७ ग्रॅम होते. बाष्प मात्र ३.८ ग्रॅमच राहते. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर येते. अशा हवेत कागद आकसतो व गुंडाळला जातो, सूत तुटते, लाकडी सामानाला भेगा पडतात, माणसाचा घसा कोरडा पडतो. ५५ टक्के आर्द्रता हवी असेल तर दर किलो हवेमागे आणखी सुमारे ४.७ ग्रॅम पाणी घालावे लागते.

हे पाणी दोन रीतींनी देता येते. पहिली रीत फवाऱ्याची. पाणी हवेत उडून जाताना आपली सुप्त उष्णता (शालेय पुस्तकांत हिलाच अप्रकट उष्मा म्हणतात) हवेतूनच घेते. दर किलो हवेत एक ग्रॅम पाणी उडाले की तापमान सुमारे अडीच अंशांनी उतरते. म्हणजे थंडीच्या दिवसांत आधी तापवलेली हवा पुन्हा गार होते आणि तिला फिरून तापवावे लागते. दुसरी रीत वाफेची. वाफ आपली सुप्त उष्णता बाष्पित्रातूनच घेऊन आलेली असते. ती हवेत मिसळली की ओलावा वाढतो, तापमान मात्र जवळपास तेवढेच राहते. फार तर अर्धा-पाऊण अंश वाढते. तापवण्यासाठी इमारतीत बाष्पित्र असतेच. त्याच्या कमी दाबाच्या वाफेची एक शाखा घेऊन हवेच्या वाटेत छिद्रे पाडलेली नळी ठेवणे, ही कॅरियर यांच्या आराखड्यातील योजना दिसावयास अगदी साधी होती.

साधी असली तरी निर्दोष मात्र नव्हती. छिद्रित नळी थंड हवेच्या झोतात उभी असते, त्यामुळे काही वाफ आतच निवून पाणी होते आणि ते छिद्रांतून थेंबाथेंबाने बाहेर उडते. हवानलिकेच्या तळाशी पाणी साचते, पत्रा गंजतो. यावर पुढील अभियंत्यांनी उपाय काढले. नळीभोवती वाफेचेच दुसरे आवरण घालून ती सदैव गरम ठेवावी. वाफेतील पाणी आधी वेगळे काढून सापळ्यावाटे परत पाठवावे. नळीच्या पुढे हवेला पुरेशी मोकळी लांबी ठेवावी, म्हणजे वाफ पूर्ण मुरण्यापूर्वी वळणावर वा गाळणीवर आदळणार नाही. बाष्पित्रात गंजरोधक रसायने घातलेली असतात व ती वाफेबरोबर माणसांच्या श्वासात जातात. म्हणून रुग्णालये व संग्रहालयांत शुद्ध पाण्याची वेगळी वाफ करण्याची प्रथा आली. फवाऱ्याच्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात, वाफेत ती भीती नाही. यामुळे शस्त्रक्रियागृहांत वाफेच्या आर्द्रकाला आजही प्राधान्य मिळते.

धुक्यातील फलाट

छापखान्याचे काम झाले, तरी कॅरियर स्वतः समाधानी नव्हते. हवा कोरडी करण्यासाठी त्यांनी कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेले गोणपाट फिरते ठेवून पाहिले. हवा कोरडी झाली, परंतु क्षार हवेबरोबर उडू लागला. हा मार्ग सोडावा लागला.

१९०२च्या अखेरीस पिट्सबर्ग येथे रेल्वेच्या फलाटावर ते गाडीची वाट पाहत होते. दाट धुके पडले होते. धुक्यातील हवा पूर्ण संपृक्त असते, तरी थंड असल्यामुळे तिच्यात एकूण बाष्प थोडेच असते, हे ज्ञान जुनेच होते. कॅरियर यांच्या मनात आले की असे धुके आपणच कृत्रिम रीतीने, ठरवलेल्या तापमानाला निर्माण करू शकलो, तर हवेत नेमके किती बाष्प राहावे हे आपल्या हाती येईल. हवेला फवाऱ्यातून न्यायचे, फवाऱ्याच्या पाण्याचे तापमान ठरवायचे, एवढेच. पाणी गार असेल तर हवेतील जादा बाष्प त्याच थेंबांवर जमेल. पाणी कोमट असेल तर हवा ओलावा घेईल. बाहेर पडणाऱ्या संपृक्त हवेचे तापमान हाच तिचा दवबिंदू. नंतर ती हवी तेवढी तापवावी.

हवा कोरडी करण्यासाठी तिच्यावर पाणी शिंपडायचे, ही कल्पना त्या काळच्या जाणत्यांनाही विपरीत वाटली. कॅरियर यांनी झाडांवर कीटकनाशक फवारण्याच्या तोट्या आणून प्रयोग केले आणि हवेबरोबर वाहणारे थेंब अडवण्यासाठी नागमोडी पत्रे बसवले. या उपकरणाचे पेटंट त्यांना २ जानेवारी, १९०६ रोजी मिळाले. फवाऱ्याने हवेतील धूळही धुऊन निघे. त्यामुळे हे उपकरण आरंभी हवा धुण्याचे यंत्र म्हणून विकले गेले.

कापडगिरण्या

कोरड्या हवेत सुताचे तंतू ठिसूळ होतात व त्यात स्थिर वीज साचते, धागा तुटतो. म्हणून गिरण्यांत कृत्रिम ओलाव्याची प्रथा कॅरियर यांच्या आधीपासून होती. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील विणकाम शाळांत सरळ वाफेचे झोत सोडले जात. माल चांगला निघे, पण विणकरांना दिवसभर उष्ण ओलसर हवेत घामाघूम होऊन उभे राहावे लागे आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनी बाहेरच्या थंडीत जावे लागे. त्यांनी या वाफेविरुद्ध चळवळ केली व १८८९ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून आर्द्रतेवर मर्यादा घातली. वाफेने तापमान उतरत नाही, हा गुण हिवाळ्यातील छापखान्यात उपयोगी ठरला होता. यंत्रांच्या घर्षणाने आधीच तापलेल्या गिरणीत तोच गुण मजुरांच्या जिवावर येत होता. गिरणीसाठी फवाराच योग्य. तो ओलावाही देतो आणि उष्णताही शोषतो.

नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा यांनी आपल्या हयातीतच आर्द्रतेची उपकरणे बसवली होती. विदर्भातील कोरड्या हवेत त्यांची निकड मुंबईहून कितीतरी अधिक होती. मुंबईची दमट हवा सूतकामास पोषक मानली जाई. भारताच्या १९४८च्या कारखाना अधिनियमातील कलम १५ केवळ कृत्रिम आर्द्रतेविषयी होते. ओलाव्यासाठी वापरायचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे वा पिण्यायोग्य असावे, नाहीतर शुद्ध करून घ्यावे, असे ते सांगत असे. कारखान्यातील ओलावा हा मजुराच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही जाणीव कायद्यात उतरली ती अशी.

कॅरियर यांना १९०६ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बेलमाँट येथील क्रॉनिकल कापडगिरणीचे काम मिळाले. हजारो चात्या फिरून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे तापमान सारखे बदले आणि आर्द्रता स्थिर राहत नसे. तेथील निरीक्षणांतून त्यांना आढळले की खोलीचे तापमान व दवबिंदू यांतील अंतर कायम ठेवले, तर तापमान वरखाली झाले तरी सापेक्ष आर्द्रता जवळजवळ तीच राहते. उदाहरणार्थ, ५५ टक्के आर्द्रतेला हे अंतर २१° तापमानावर साडेनऊ अंशांच्या आसपास असते आणि २७° वरही त्याहून फारसे वेगळे नसते. दोन तापमापकांवरून स्वयंचलित नियंत्रण करणे यामुळे शक्य झाले. या पद्धतीचे पेटंट त्यांना १९१४मध्ये मिळाले. १९०७ साली जपानमधील योकोहामा येथील रेशीमगिरणीला त्यांची यंत्रणा गेली.

ज्या शब्दाने हे शास्त्र ओळखले जाते तो मात्र कॅरियर यांचा नव्हे. एअर कंडिशनिंग हा शब्दप्रयोग १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या दक्षिणेकडील गिरणी अभियंत्याने केला. सूतगिरणीत धाग्याला ओलावा देण्याच्या क्रियेस कंडिशनिंग म्हणत. क्रेमर यांनी तो शब्द हवेला लावला. मराठीतील वातानुकूलन हा शब्द अर्थाने सरस आहे, पण त्यात गिरणीचा वास राहिलेला नाही.

१९११चा निबंध

८ डिसेंबर, १९११ रोजी कॅरियर यांनी अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे आर्द्रतामितीच्या सूत्रांविषयीचा निबंध वाचला. शुष्क तापमान, आर्द्र तापमान, दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता व हवेतील एकूण उष्णता यांचे परस्परसंबंध त्यांनी समीकरणांत बांधले आणि एका आलेखावर मांडले. यांपैकी कोणत्याही दोन राशी ठाऊक असल्या की उरलेल्या आलेखावरून वाचता येतात. वाफ किती सोडावी, पाणी किती गार करावे, हे यापुढे अनुभवी मिस्त्रीच्या अंदाजावर अवलंबून राहिले नाही. १९२३मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड मोलिए यांनी वेगळ्या अक्षांचा आलेख सिद्ध केला व तो युरोपात रूढ झाला. अन्यत्र मात्र कॅरियर यांच्या आलेखाचीच परंपरा चालू आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते कॅरियर यांचे खरे कर्तृत्व कोणत्याही यंत्रापेक्षा या निबंधात आहे.

स्वतःची कंपनी व चित्रपटगृहे

१९१४मध्ये युद्धाच्या सावटामुळे बफेलो फोर्जने केवळ उत्पादनापुरते काम ठेवण्याचा निर्णय घेतला. कॅरियर, लाईल व अन्य पाच अभियंते बाहेर पडले आणि २६ जून, १९१५ रोजी त्यांनी कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन केली. १९२२मध्ये नेवार्क येथे त्यांनी केंद्रोत्सारी शीतनयंत्र प्रदर्शित केले. जुन्या अमोनिया यंत्रांहून ते आटोपशीर होते आणि त्यातील द्रव अमोनियासारखा जीवघेणा नव्हता. १९२४मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रे बसवण्यात आली.

न्यू यॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहासाठी परवानगी देण्यास शहराचे सुरक्षाधिकारी राजी होईनात. तेव्हा कॅरियर यांनी त्यांच्यासमोर द्रवाच्या भांड्यात पेटती काडी टाकून तो स्फोटक नसल्याचे दाखवले, असे सांगितले जाते. मे १९२५च्या अखेरीस रिव्होली उघडले. यंत्रणा उशिरा सुरू झाल्यामुळे प्रेक्षक प्रारंभी हातपंख्यांनी वारा घेत होते; हळूहळू पंखे थांबले. सज्जात चित्रपटनिर्माते ॲडॉल्फ झुकोर बसून होते आणि कॅरियर व त्यांचे सहकारी त्या पंख्यांकडेच पाहत होते. या प्रयोगानंतर उन्हाळ्यात ओस पडणारी चित्रपटगृहे भरू लागली. मुंबईत १९३३ साली उघडलेल्या रीगल चित्रपटगृहात वातानुकूलनाची सोय होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९०२पासून जवळजवळ दोन दशके या शास्त्राने कागद, सूत, तंबाखू अशा मालाची निगा राखली. माणसाच्या सुखासाठी त्याचा व्यापक वापर सुरू झाला तो नंतर, आणि तोही आधी तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकासाठी.

१९२८मध्ये घरगुती उपकरण बाजारात आले, पण मंदीने ते चालू दिले नाही. १९३० साली दोन अन्य कंपन्यांशी विलीनीकरण होऊन कॅरियर कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. १९३७मध्ये ती सिरॅक्यूज येथे गेली. १९३९च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात कंपनीने इग्लूच्या आकाराचे दालन उभारले होते. दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलँड येथील उंचीवरील हवेचे अनुकरण करणाऱ्या वातविवरासाठी त्यांच्या कंपनीने शीतनयंत्रणा दिली. त्यात विमानांची इंजिने उणे ५५° सेल्सियसच्या आसपासच्या हवेत तपासली जात.

व्यक्तिगत जीवन व सन्मान

कॅरियर यांचे तीन विवाह झाले. क्लेअर सेमूर (१९०२) व जेनी मार्टिन (१९१३) या दोन्ही पत्नी त्यांच्या हयातीत वारल्या. १९४१मध्ये त्यांनी एलिझाबेथ वाइज यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन दत्तक पुत्र होते. कामात गढले की त्यांना भोवतालचे भान राहत नसे.

अनेक मराठी वाचकांस कॅरियर हे नाव प्रथम भेटते ते डेल कार्नेगी यांच्या चिंतामुक्तीवरील, मराठीतही भाषांतरित झालेल्या पुस्तकात. मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथील काच कारखान्यात वायू शुद्ध करण्याचे उपकरण अपेक्षेप्रमाणे चालेना, तेव्हा तरुण कॅरियर यांची झोप उडाली. सर्वांत वाईट काय होईल हे त्यांनी ठरवले, ते मनाने स्वीकारले आणि मग शांतपणे सुधारणेस लागले. वीस हजार डॉलरचा संभाव्य तोटा टळून कंपनीस फायदा झाला. कार्नेगी यांनी यातून सर्वांसाठी तीन पायऱ्या काढल्या. त्या कथेतील नायक कोण होता, हे पुष्कळ वाचकांच्या ध्यानात राहत नाही.

कॅरियर यांच्या नावावर ८०हून अधिक पेटंटे आहेत. शीतन अभियंत्यांच्या संस्थेचे ते १९२७मध्ये व तापन-वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेचे १९३१मध्ये अध्यक्ष होते. १९३४मध्ये त्यांना यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचे पदक मिळाले. ७ ऑक्टोबर, १९५० रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. बफेलो येथील फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. १९८५ साली त्यांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात समावेश झाला.

जनकत्वाचा वाद

जनक ही पदवी अभ्यासकांना सरसकट मान्य नाही. फ्लोरिडातील वैद्य जॉन गोरी यांना १८५१मध्येच बर्फ तयार करण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले होते. रुग्णांना गारवा द्यावा हा त्यांचा हेतू होता. न्यू यॉर्क रोखे बाजाराच्या इमारतीत आल्फ्रेड वुल्फ यांनी आखलेली शीतनव्यवस्था १९०३मध्ये सुरू झाली आणि ती आरंभापासून माणसांसाठी होती. क्रेमर यांचा उल्लेख वर आलाच आहे. हवा गार करणारे कॅरियर पहिले नव्हेत, हे उघड आहे. हवेतील ओलावा मोजून, हिशेबाने व स्वयंचलित रीतीने ठरवण्याची पद्धत मात्र त्यांच्यापूर्वी कोणी पूर्णत्वास नेली नव्हती, आणि जनकत्व मानावयाचे तर ते याच अर्थाने मानावे लागते.

सिरॅक्यूज विद्यापीठाचे १९८० साली उघडलेले आच्छादित क्रीडागार त्यांच्या कंपनीच्या देणगीमुळे कॅरियर डोम या नावाने ओळखले जाई. त्यात कित्येक दशके वातानुकूलन नव्हते. २०२२मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले.